चोवीस वर्षं न घेतलेलं नाव

मुन्याल हा शब्द असाबेने पहिल्यांदा कधी ऐकला, हे तिला विचारून उपयोग नाही. पहिला श्वास कधी घेतला हे कुणाला आठवतं का? वोडाबे या भटक्या फुलानी गुराख्यांत तो उठता-बसता कानावर पडतो. पोराच्या पायात बाभळीचा काटा मोडला, मुन्याल. दुष्काळात बैल मेला, मुन्याल. नवरी निघाली आणि मागे वळून बघायला लागली, की मावशी तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणणार, मुन्याल. दूध काढताना गाय लाथा झाडते, तर तिलाही मुन्याल. गाय काही ऐकत नाही ही गोष्ट वेगळी. नुसता धीर म्हणावं तर हा शब्द त्याहून मोठा आहे, आणि सोसणं म्हणावं तर त्यात रडका सूर येतो, जो इथे मुळीच खपत नाही. आत काय चाललंय ते चेहऱ्यापर्यंत पोचू द्यायचं नाही, आणि पोचू दिलं नाही याचा तोराही मिरवायचा नाही, एवढं सगळं त्यात येतं. ज्याच्याकडे मुन्याल नाही तो हजार गुरांचा धनी असला तरी वोडाबे नाही, असं म्हातारे सांगतात. हे सांगणारे बहुतेक पुरुषच असतात. त्यांच्या वाट्याला हा शब्द दुष्काळात येतो, बायकांच्या वाट्याला रोज.

असाबे सोळाची असताना तिला दिवस गेले आणि रीतीप्रमाणे तिची रवानगी आईकडे झाली. पहिलटकरणीने माहेरीच राहायचं, बाळ चांगलं चालायला लागेपर्यंत. तोवर नवऱ्याशी बोलणं नाही, नटणं नाही, मोठ्याने हसणं नाही. आणि बाळ आलं की खरी परीक्षा, कारण पहिलं मूल आईचं नसतंच, ते आजीचं. आईने पाजायला तेवढं घ्यायचं, तेही नजर दुसरीकडे ठेवून. कुरवाळायचं नाही, त्याच्याशी थेट बोलायचं नाही, आणि त्याचं नाव तर जन्मात घ्यायचं नाही. बापालाही तोच नियम. पहिल्या लेकरावरची माया ही माणसाची सगळ्यात मोठी हाव, म्हणून लगाम आधी तिलाच. पुढची पोरं झाली की त्यांना खुशाल मुके घ्या, कोणी काही म्हणत नाही.

सातव्या दिवशी म्हाताऱ्यांनी बाळाचं नाव ठेवलं गिदादो. गिदादो म्हणजे लाडका. म्हाताऱ्यांनाही कधीकधी थट्टा सुचते, दुसरं काय म्हणायचं!

असाबेची आई डेल्लू, जिभेची तिखट आणि हाताची मऊ. तिने बाळ उचललं आणि लेकीला सांगून टाकलं, "दूध तुझं, पोरगं माझं. उगाच टकमक बघत बसू नको."

"मी कुठे बघतेय?" असाबे म्हणाली.

"बघत नाहीस तर मग पापणी का लवत नाही तुझी?"

गिदादो चार वर्षांचा असताना एकदा त्याला विंचू चावला. तो ओरडत पळाला, आणि जवळ असाबेच होती म्हणून थेट तिच्याकडे पळाला. ती उखळात बाजरी कांडत होती. ती सासरी परतली होती, डेल्लूचा तळही शेजारीच; आजूबाजूला सासरची चार माणसं बसलेली. पोर येऊन तिच्या गुडघ्याला बिलगलं आणि असाबे कांडत राहिली. मुसळ वर, मुसळ खाली. कुणीतरी म्हणालं, "मुन्याल, बाळा." पोराला म्हणालं की तिला, कोण जाणे. डेल्लू पलीकडून धावत आली, पोराला उचलून घेऊन गेली, चावलेल्या जागी पाला चोळला, गाणी म्हटली. संध्याकाळी तिने लेकीचं उखळ बघितलं. आत धुळीसारखं पीठ झालं होतं.

"अगं, बाजरी होती ती," डेल्लू म्हणाली, "वैरी नव्हती."

त्या रात्री असाबे जेवली नाही. सकाळी पुन्हा गाई पिळायला हजर.

गिदादो डेल्लूलाच आई म्हणत मोठा झाला. असाबेला तो काहीच म्हणत नसे; काही लागलं तर तिच्यासमोर येऊन उभा राही आणि दुसरीकडे बघे, म्हणजे ती पण दुसरीकडे बघत ते देई. पण माया कोंडून ठेवली तर ती कुठून तरी वाट काढतेच. असाबेने वासरांशी बोलायला सुरुवात केली. गिदादो ऐकण्याच्या अंतरावर आहे असं बघून ती दोरीला बांधलेल्या वासराला दरडावायची, "उद्या पश्चिमेच्या टेकाडाकडे जाऊ नकोस हो, तिथे साप निघालाय. आणि खोकला झालाय तुला, गार पाणी पिऊ नको." वासराला काय कळणार खोकला! लेकी बोले सुने लागे. दुसऱ्या दिवशी गिदादो गुरं पूर्वेला न्यायचा.

धाकटी तानी झाली तेव्हा असाबेने तिला इतकं नावाने बोलावलं की शेजारच्या बायका हसायच्या. "ए तानी, ए तानू, ए तनुली!" दिवसभर हाकांचा नुसता पाऊस. जावा म्हणायच्या, "पोरीचं नाव झिजवून टाकशील बाई." तानीच्या वाटणीच्या हाका मारून झाल्या तरी असाबेजवळ हाका उरतच होत्या.

दोन वर्षांपूर्वी डेल्लू गेली. गिदादो बावीस वर्षांचा बाप्या, पण त्या दिवशी तो एका झाडाखाली बसून होता आणि असाबे दुसऱ्या. दोघांची आई एकच गेली होती. मधे वीसेक पावलांचं अंतर. लोक आले, दोघांनाही मुन्याल म्हणून गेले, आणि दोघांनीही मान हलवली. त्या दिवसापासून असाबेला एकच गोष्ट टोचत राहिली. याला माहीत आहे का? आपली एक आई मेली, पण दुसरी आहे, आणि ती बघतेय, हे याला कुणी सांगितलंय का? ही गोष्ट विचारण्यासारखी नव्हती. विचारणार तरी कुणाला? वासराला?

मग यंदाच्या उन्हाळ्यात विहिरीवर ते झालं.

बेर्मो गावाच्या पुढची खोल विहीर, पाण्यासाठी ताटकळलेली दोनशे गुरं, आणि दोन बैलांची जुंपली. गिदादो त्यांना पांगवायला मधे शिरला आणि एकाचं शिंग त्याच्या मांडीत घुसलं. रक्त उसळून वाळूत पडलं. तो खाली बसला, स्वतःच्या मांडीकडे बघितलं, आणि तोंडातून ब्र काढला नाही. चुलता गाओ धावला, स्वतःचं पागोटं फाडून त्याने मांडी करकचून बांधली. नशिबाने एका गुरांच्या व्यापाऱ्याची गाडी पाणी भरायला थांबली होती. पोराला मागच्या हौद्यात निजवलं.

"बरोबर कोण जाणार?" ड्रायव्हरने विचारलं. दान्लादी नावाचा हौसा जमातीचा माणूस, तोंडाचा पट्टा सतत चालू. "मी एकटा नेणार नाही हं. वाटेत काही झालं तर माझ्या नावावर नको."

बाप बूबा एका दिवसाच्या वाटेवर दुसऱ्या कळपापाशी होता. गाओ उंटावर बसून त्याला आणायला निघणार होता. बाकीचे विहिरीच्या दोराला लटकलेले. दोर सोडला तर संध्याकाळपर्यंत वासरं मेली असती. सगळ्यांनी असाबेकडे बघितलं आणि लगेच नजर वळवली. डेल्लू असती तर एव्हाना गाडीत चढून ड्रायव्हरलाच दटावत असती.

असाबेच्या डोक्यावर दुधाचा भोपळा होता. ती चालत आली आणि भोपळ्यासकट गाडीत चढली.

"मला बाजारात दूध विकायचंय," ती म्हणाली.

बाजाराला अजून चार दिवस होते. हे तिथल्या लहान पोरालाही माहीत होतं. गाओने घसा खाकरला आणि म्हणाला, "हो हो, दूध विकायलाच हवं. खराब होईल नाहीतर." कोणी हसलं नाही.

तीन तासांची वाळूची वाट. असाबे लेकाकडे पाठ करून बसली, एक हात भोपळ्यावर आणि दुसरा मागे नेऊन त्याच्या मांडीवर, पागोट्याच्या गाठीवर गच्च दाबलेला. न बघता दाबत होती. गाडी उसळली की दूध सांडत होतं आणि हाताखालचं फडकं ओलं होत होतं. पहिला तासभर गिदादो शुद्धीवर होता. तिला त्याचा श्वास ऐकू येत होता. मग तो श्वास ऐकण्यासाठी तिला कान द्यावा लागायला लागला. हजार गोष्टी तिच्या जिभेवर आल्या, आणि तिथे सांगायला एक वासरूसुद्धा नव्हतं.

दाकोरोच्या इस्पितळात दान्लादीने पोराला उतरवलं आणि नर्सला सांगितलं, "भटक्या गुराख्यांचा पोरगा आहे, बोरोरो, बैलाने मारलंय. नाव? मला काय ठाऊक! ही बाई? ही दूधवाली. बाजाराला आलीय." आणि गाडी घेऊन गेला.

नर्स फाल्माता कानुरी जमातीची होती, पन्नाशीची, अंगाने भारदस्त. कानुरी आणि फुलानी यांचं नातं थट्टेचं, भेटले की एकमेकांना गुलाम म्हणायचं आणि रागवायचं कुणीच नाही. पण त्या घटकेला फाल्माताला थट्टेला सवड नव्हती. तिने असाबेला दाराबाहेर काढलं. "दूधवाली बाई, तू बाहेर बस. इथे दूध नको, रक्त हवंय."

असाबे बाहेर भिंतीशी बसली. आतून फाल्माताचा आवाज येत होता, "ए पोरा! ए बैलवाल्या! डोळे उघड! झोपू नकोस!" उत्तर येत नव्हतं. थोड्या वेळाने ती घामाघूम होऊन बाहेर आली.

"बाई, तू ओळखतेस का त्याला?"

"आमच्याच विहिरीवर असतो."

"नाव काय त्याचं? हाक मारली तर शुद्धीवर येईल, पण ए पोरा म्हटल्यावर कोण येणार परत? इथे सगळीच पोरं."

असाबेने भोपळा उगाच सरळ केला.

"त्याची आई आहे का? डॉक्टर म्हणतात रक्त चढवायला हवं, आणि घरच्यांपैकीच कुणाचं तरी मिळालं तर बघा. आई कुठे असते त्याची?"

असाबेने पायाखालच्या मुंग्यांकडे बघितलं. "लांब नाही," ती म्हणाली.

फाल्माता अकरा वर्षं त्या इस्पितळात होती. तिने बाईचा चेहरा बघितला, तो दगडासारखा शांत होता. मग तिने हात बघितला. उजवा हात कोपरापर्यंत रक्ताने माखून वाळला होता आणि बोटं अजूनही काहीतरी दाबून धरल्यासारखी वाकलेली होती. दूध विकायला आलेल्या बाईचा हात असा नसतो. फाल्माता तिच्यासमोर उकिडवी बसली.

"पहिला आहे का गं?" तिने हळूच विचारलं.

असाबेने हात पुढे केला, नाडी वर करून.

रक्त जुळलं. सुई टोचताना फाल्माता म्हणाली, "आता नाव सांग."

"मला येत नाही."

"येत नाही कसं? जीभ आहे ना तोंडात?"

"तू गावात जा. कुणी फुलानी भेटला तर त्याला विचार. डेल्लूचा नातू म्हण."

"मी गावभर डेल्लूचा नातू शोधत हिंडेपर्यंत हा जाईल, बये!" फाल्माता कडाडली, आणि मग एकदम आवाज उतरवून म्हणाली, "हे बघ. मी कोण? कानुरी. तू कोण? माझी गुलाम. गुलामाने मालकिणीला काही सांगितलं तर ते कुठे मोजतात? आपल्यात लाज नाही, आपल्यात राग नाही. मला सांगितलंस ते सांगितल्यात जमाच नाही."

"गुलाम तुझी आजी," असाबे म्हणाली. सवयीने तोंडातून निघालं. आणि त्या थट्टेच्या पाठोपाठ, आवाज फुटायच्या आधीच्या आवाजात, तिने नर्सच्या कानात ते नाव सांगितलं.

फाल्माता आत धावली. "गिदादो! ए गिदादो!" दोनदा, चारदा. तिचा आवाज इस्पितळाचा होता. त्या आवाजात तिने आजवर शेकडो नावं घेतली असतील. पोराची पापणी हलली नाही. तिने दार उघडून असाबेकडे बघितलं. मग ती बाजूला झाली.

असाबे आत आली. चोवीस वर्षांत पहिल्यांदा तिने त्याच्याकडे सरळ बघितलं. कपाळ डेल्लूचं होतं, हनुवटी बूबाची. ओठ पांढरे पडले होते. कानाजवळ लहानपणीची एक खूण होती जी तिला माहीतच नव्हती, आणि तिला वाटलं, ही केव्हा झाली, मी कुठे होते? तिथे आणखी दोन रोगी होते, एक झाडूवाला होता. माणसांदेखत. दिवसाढवळ्या.

"गिदादो," ती म्हणाली.

आवाज तिच्या ओळखीचा नव्हता. तिने पुन्हा म्हटलं. मग तिला थांबवेना. गिदादो, गिदादो, माझ्या बाळा, गिदादो, असं ती म्हणत राहिली, तानीला म्हणायची तसं नव्हे, नाव जिभेवर तोलून बघितल्यासारखं, सांभाळून. आणि पोराने डोळे उघडले. शिंग घुसलं तेव्हा हूं की चूं न केलेला, तीन तास गाडीत आदळूनही न कण्हलेला तो गडी तिच्याकडे बघत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी कानात जात होतं. मग दोघांनाही एकदम शरम वाटली. त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं, ती मागच्या मागे बाहेर गेली.

दोन दिवस ती आत गेली नाही. खिडकीखाली सावलीत बसून राहिली. उरलेलं दूध तिने पहिल्याच दिवशी इस्पितळातल्या बाळंतिणींना वाटून टाकलं. फाल्माता जाता-येता सांगे, "तुझ्या विहिरीवरच्या माणसाने आज पेज खाल्ली हो." असाबे म्हणे, "बरं झालं. कुणाचं का लेकरू असेना."

तिसऱ्या दिवशी सकाळी बूबा आणि गाओ आले. बूबा एक दिवस आणि एक रात्र उंटावर होता, ओठ फुटले होते. तो खाली उतरला, पण आत गेला नाही. बापालाही तोच नियम. त्याने गाओला आत पाठवलं आणि स्वतः बायकोपासून चार हातांवर, खिडकीखालीच, उभा राहिला. गाओने आत पुतण्याची विचारपूस केली, बैलाला शिव्या दिल्या. मग आतून गिदादोचा आवाज आला. अशक्त होता, पण स्पष्ट. तो फाल्माताशी बोलत होता.

"ताई, त्या दिवशी मला हाक कुणी मारली?"

"मी," फाल्माता म्हणाली. "मी मालकीण तुमची. दुसरं कोण मारणार?"

"खरंच?"

"मग काय खोटं सांगते? घसा बसला माझा ओरडून."

खिडकी उघडी होती आणि तिच्याखाली कोण बसतं हे त्याला दोन दिवस दिसत नसलं तरी ठाऊक असणार.

"बरं," तो म्हणाला. "मग तुलाच सांगतो. विंचू चावला होता तेव्हा मी लहान होतो. संध्याकाळी आमच्या आजीने मला उखळातलं पीठ दाखवलं होतं. म्हणाली, हे बघ, ही तुला मारलेली हाक. तेव्हापासून मला सगळ्या हाका ऐकू आल्यात. वासरांना मारलेल्यासुद्धा."

बाहेर असाबेने दोन्ही हात तोंडावर दाबले. त्याला माहीत होतं. वीस वर्षं त्याला माहीत होतं आणि तो पण गप्प राहिला होता, कारण तो तिचाच मुलगा होता. मग तिच्या हातांच्या फटीतून आवाज बाहेर आला, मोठा, इस्पितळाच्या आवारातली माणसं वळून बघतील एवढा. आयुष्यात ती अशी रडली नव्हती, डेल्लू गेली तेव्हासुद्धा नाही.

बूबा गांगरला. लोक बघत होते. अशा वेळी जे म्हणायचं असतं, जे तिला सोळाव्या वर्षापासून सगळ्यांनी म्हटलं होतं, तेच तो हळूच म्हणाला, "मुन्याल, असाबे. मुन्याल."

"नाही," असाबे म्हणाली. "पुष्कळ झालं. आज नाही."

बूबा उभाच राहिला. त्याने खिडकीकडे बघितलं, मग जमिनीकडे, मग पुन्हा खिडकीकडे. त्याचे ओठ हलले, एकदा, दोनदा. नाव काही बाहेर आलं नाही. मग त्याने पागोट्याचं टोक डोळ्यांवर ओढलं आणि तो बायकोजवळ, अगदी खांद्याला खांदा लागेल असा, भर दिवसा सगळ्यांसमोर खाली बसला.